अनुभव धागा: जादूच्या शाळेतली चुरस

जादूच्या शाळांच्या कादंबऱ्या वाचणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. एकाला शेवटची लढाई हवी असते. दुसऱ्याला तिच्या आधीची दोनशे पानं हवी असतात: प्रवेशाची चाचणी, काही केल्या न जमणारा पहिला मंत्र, वर्गातला तो एक पोरगा ज्याला सगळं पहिल्या फटक्यात येतं, आणि दारावर लागलेली गुणवत्ता यादी. मी दुसऱ्या गटातला. लढाया मी बऱ्याचदा चाळून सोडतो, परीक्षेचं प्रकरण मात्र पुन्हा पुन्हा काढून वाचतो.

हे सगळं गेल्या पंचवीस-तीस वर्षांतलं खूळ आहे असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी आइसलंडच्या सैमुंदची गोष्ट सांगतो. हा विद्वान खराच होऊन गेला, १०५६ ते ११३३. लोककथेत मात्र तो एका 'काळ्या शाळेत' शिकतो. तिथे उजेडाचा कवडसा नाही, आणि शिक्षण संपल्यावर जो सगळ्यात शेवटी दाराबाहेर पडेल तो सैतानाचा. १८८५ मध्ये एमिली जेरार्ड या लेखिकेने ट्रान्सिल्व्हेनियातल्या समजुती टिपल्या, त्यातही अशी शाळा आहे: विद्यार्थी दहा, नऊ जण घरी जातात, दहावा फी म्हणून तिथेच राहतो. म्हणजे 'शेवटचा नंबर' ही धास्ती या प्रकाराच्या पायातच घातलेली आहे. वरची रंगरंगोटी नंतरची.

तर तुमचे अनुभव येऊ द्या. कुठली परीक्षा, कुठला प्रतिस्पर्धी, कुठला मास्तर डोक्यात घर करून बसला? स्वतः अशी गोष्ट लिहीत असाल तर कुठे अडलात? नुसतं 'आवडलं' नको, त्याने तुमचं काय केलं ते सांगा. शेवट फोडू नका, एवढीच अट.

*

वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा उर्सुला ल ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' हाती पडलं. पुस्तक १९६८ चं, म्हणजे माझ्या आईच्या पिढीने वाचायचं. पण मला अगदी वेळेवर मिळालं. दिवसभर हाडांवरच्या खाचा, त्यांना चिकटलेले स्नायू, त्या स्नायूंच्या नसा यांची नावं घोकायची आणि झोपताना हे.

गेड रोक बेटावरच्या शाळेत येतो तो वादळं उठवायला शिकायच्या हौसेने. शिकवतात काय, तर नावं. दूरच्या एका मनोऱ्यात बसून वस्तूंच्या खऱ्या नावांच्या याद्या पाठ करायच्या. दिलेलं पान मध्यरात्रीच्या आत डोक्यात गेलं पाहिजे, कारण मध्यरात्री शाई उडते आणि पान कोरं होतं. समुद्राला वश करायचं तर 'समुद्र' एवढं नाव पुरत नाही, त्यातल्या प्रत्येक खाडीचं, प्रत्येक सामुद्रधुनीचं नाव यावं लागतं. इतर कादंबऱ्यांत कांडी फिरवली की काम होतं. इथे घोकंपट्टी हीच जादू आहे, आणि ती कंटाळवाणी आहे हे लेखिका लपवत नाही.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी माझ्या तळहातावर मनगटातलं एक हाड ठेवलं. नखाएवढं, एका अंगाला किंचित वाकलेलं. ''उजवं की डावं?'' मी ते दोन बोटांत फिरवत राहिले. नाव आठवलं आणि त्याच्या शेजारची सात हाडं आपोआप आपापल्या जागी येऊन बसली. खरं नाव कळलं की वस्तू तुमची होते म्हणतात ते असं असावं.

आता चुरशीबद्दल. जॅस्पर हा गेडचा प्रतिस्पर्धी दुष्टबिष्ट नाही. तो फक्त घरंदाज आहे आणि बोलताना तसं जाणवू देतो. त्याला दाखवून देण्याच्या नादात गेड मेलेल्या माणसाला हाक मारतो आणि त्या फटीतून भलतंच काहीतरी आत येतं. पैज दोघांची, पण जीव जातो तो फट बुजवायला धावलेल्या वृद्ध मुख्य जादूगाराचा. जॅस्परचं तर काहीच जात नाही. आमच्या वर्गातल्या पहिल्या तीन जणांत असंच चालायचं आणि त्याचा त्रास चौथ्याच कुणाला व्हायचा.

शाळेतून बाहेर पडायची परीक्षा मला सगळ्यात आवडते. द्वारपालाचं नाव सांगा आणि जा. गेड बराच वेळ डोकं खाजवतो, सगळ्या विद्या मनात तपासतो, आणि शेवटी सरळ विचारतो, ''तुमचं नाव काय?'' तो सांगतो. वॉर्डात मला काही माहीत नसलं की मी नर्सला विचारते. हुशार म्हणून नाव झालेल्यांना हे फार जड जातं, असं माझं निरीक्षण आहे.

*

माझा अनुभव लहानसाच. मला मंत्र, शत्रू, भविष्यवाणी कशातच रस नाही. मला वेळापत्रक लागतं. सोमवारी पहिला तास कशाचा, कोणत्या जिन्याने जायचं, जेवायला कोण कोणाशेजारी बसतं, ग्रंथालयातल्या कोणत्या कपाटाला कुलूप आहे. लेखकाने हे नीट सांगितलं असेल तर मी पाचशे पानं आनंदाने वाचते. पुस्तकाच्या मध्यावर शाळा जळाली आणि सगळे जंगलात पळाले की माझा विषय संपला.

*

मी सहावी-सातवीला गणित शिकवते. वाचनाच्या तासाला 'हॅरी पॉटर'चा पहिला भाग (मूळ इंग्रजीत १९९७) मोठ्याने वाचून संपवला. शेवटच्या मेजवानीत चार गटांचे वर्षभराचे गुण जाहीर होतात: ४७२, ४२६, ३५२ आणि आपल्या नायकांचे ३१२. सभागृह जिंकणाऱ्यांच्या रंगात सजलेलं आहे. मग मुख्याध्यापक उठतात आणि 'अलीकडच्या काही घटना' विचारात घेऊन ५०, ५० आणि ६० गुण देतात.

मी वाचायची थांबले, कारण मागच्या बाकावरून एक जण बेरीज करत फळ्यापर्यंत आला होता. ३१२ अधिक १६०. बरोबर ४७२. बरोबरी! वर्गात जल्लोष. मग उरलेले १० गुण मिळतात ते मित्रांच्या विरुद्ध उभं राहायचं धाडस केल्याबद्दल एका भित्र्या मुलाला, आणि कप फिरतो. पुन्हा जल्लोष.

तो फळ्यापाशी उभा असलेला मुलगा मात्र हसेना. ''बाई, यांनी आधी उत्तर ठरवलं आणि मग गणित मांडलं.''

पुढचा अख्खा तास त्यावर गेला. एका मुलीचं म्हणणं, गुण योग्य कामासाठीच दिले, मग अडचण काय? दुसरी म्हणाली, दिले ते ठीक, पण आदल्या रात्री द्यायला हवे होते, पताका लावायच्या आधी. तिला हरलेल्या गटातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांचं वाईट वाटत होतं. त्यांनी काय केलं होतं? वर्षभर वेळेवर गृहपाठ दिला आणि शेवटी टाळ्या वाजणाऱ्या सभागृहात मान खाली घालून जेवले. मी हे पुस्तक आधी वाचलं होतं, त्या टेबलाकडे माझी नजर गेली नव्हती.

मग मुलांनी आपल्या काल्पनिक शाळेची गुणपद्धत तयार केली. फार कडक निघाली. गुण कशाचे ते वर्षाच्या सुरुवातीला लिहून लावायचं. शिक्षकाला आपल्या गटाला गुण देता येणार नाहीत. धाडसाला गुण नाहीतच, कारण मग लोक गुणांसाठी धाडस करतील. हे शेवटचं कलम मला अजून पुरतं पटलेलं नाही, पण मतदान त्यांचं होतं.

*

इथे फक्त कादंबऱ्याच चालतात का? माझी शाळा मांगातली, म्हणजे जपानी चित्रकथेतली आहे. 'नारुतो'. १९९९ मध्ये जपानी साप्ताहिकात सुरू झाली. जादू म्हणा किंवा निंजाविद्या म्हणा, प्रशिक्षण आणि चुरस याबाबतीत बाकीच्यांच्या तोंडचं पाणी पळवेल.

त्यातली वरच्या दर्जाची परीक्षा. पहिला पेपर चक्क लेखी! नऊ प्रश्न समोर, दहावा अगदी शेवटी सांगणार. प्रश्न इतके अवघड की त्या वयाच्या कोणालाही येणं शक्यच नाही. कॉपी करताना पकडलं की दोन गुण कापणार. लगेच बाहेर मात्र काढत नाहीत. हळूहळू एकेकाच्या लक्षात येतं की कॉपी करणंच अपेक्षित आहे, फक्त सापडायचं नाही, कारण शत्रूच्या गोटातून माहिती काढणं हेच तर पुढे करायचंय. मग कोणी आरशातून बघतंय, कोणी किडे पाठवतंय. नारुतोला यातलं काहीच कळत नाही. तो घाम पुसत बसलाय. आणि दहावा प्रश्न म्हणजे धमकी: थांबलात आणि उत्तर चुकलं तर आयुष्यात परत ही परीक्षा देता येणार नाही, आत्ता उठलात तर पुढच्या वेळी या. उठणारे उठतात. बसून राहिलेले सगळे पास. नारुतो कोऱ्या पेपरवर पास!!

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा शाळेत होतो आणि अक्षरशः ओरडलो. तेव्हापासून कुठल्याही परीक्षेत शिरलो की आधी बघतो, ही नक्की तपासतेय काय. मध्यंतरी एका अभ्यासक्रमाच्या निवडीला गटचर्चा होती. आठ जण एकाच वेळी तावातावाने बोलत होते. टेबलाच्या टोकाला एक मुलगी तोंड उघडून दोनदा बंद करून बसली होती. मी तिला म्हटलं, तुला काय वाटतं? माझी निवड झाली. त्यामुळेच झाली का, ते कोणी सांगितलं नाही.

*

धागा छान चाललाय. पण मंडळी, आइसलंड झालं, जपान झालं, आपल्या कचाला कोणी विचारणार की नाही?

महाभारताच्या आदिपर्वातली ही गोष्ट म्हणजे स्पर्धेची जादूशाळाच आहे. देव आणि दैत्य यांच्यात युद्ध. दैत्यांच्या गुरूकडे, शुक्राचार्यांकडे, मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या. देवांच्या गुरूकडे ती नाही. म्हणून बृहस्पतीचा मुलगा कच थेट शत्रुपक्षाच्या गुरूकडे शिकायला जातो, आणि नाव न लपवता जातो. शुक्राचार्यही त्याला ठेवून घेतात. सहाध्यायी म्हणजे दैत्य. ते त्याला मारतात आणि लांडग्यांना खाऊ घालतात. गुरुकन्या देवयानीच्या हट्टाखातर गुरू त्याला उठवतात. पुन्हा मारतात, वाटून समुद्रात कालवतात. पुन्हा उठवतात. तिसऱ्यांदा जाळून राख मद्यात मिसळून गुरूलाच पाजतात. आता शिष्य गुरूच्या पोटात! बाहेर काढावा तर गुरू मरणार. मग उपाय एकच, पोटातल्या शिष्याला विद्या शिकवायची, त्याने बाहेर येऊन गुरूला उठवायचं. आजच्या कुठल्याही किशोर-कादंबरीकाराने यापेक्षा चोख अंतिम परीक्षा बेतून दाखवावी. खाडिलकरांनी १९१३ मध्ये यावर 'विद्याहरण' नाटक लिहिलं ते उगाच नाही. सगळी नाट्यमयता आयती होती.

मी तरुण असताना मला राखेचा भाग थरारक वाटायचा. आता वाटतो तो नंतरचा. कच देवयानीला लग्नाला नकार देतो, ती शाप देते की ही विद्या तुला फळणार नाही. तो म्हणतो, बरं, मला नाही फळली तरी मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. मी आयुष्यभर गाणं शिकवलं. स्वतःचा आवाज तिशीतच बसला होता. यापलीकडे लिहीत नाही.

आणि 'नवनाथ भक्तिसार'? मालू कवीची ही पोथी शके १७४१ ची, म्हणजे १८१९. चाळीस अध्याय. पोथी म्हणून वाचणारे वाचतात, मी लहानपणी गोष्ट म्हणून वाचली आणि अजून तशीच वाचतो. त्यात काय नाही? विद्या मिळवायची खडतर साधना आहे, अस्त्रांची नावं आहेत, आणि प्रयोग फसल्याची गंमतही आहे. गोरक्षनाथ संजीवनी मंत्र घोकत बसलेला असतो. पोरं येतात, मातीची गाडी केलीय, हाकणारा करून दे म्हणतात. हा हाताने चिखलाचा गाडीवान करतोय आणि तोंडाने मंत्र चालूच. बाहुलं जिवंत होतं. पोरं भूत भूत म्हणून पळत सुटतात. तेच पुढे गहिनीनाथ. गृहपाठ करता करता माणूस तयार झाला, अशी दुसरी गोष्ट कोणाला माहीत असेल तर सांगा!

चुरस पाहिजे तर गोरक्ष आणि कानिफ यांची भेट वाचा. दोघेही तयारीचे. एक मंत्राने झाडावरचे आंबे उतरवून दाखवतो, दुसरा म्हणतो, हे तर झालं, आता उरलेली फळं परत फांदीला लावून दाखव. तोडणं आणि जोडणं यातला फरक एका ओळीत. मग दोघं एकमेकांच्या गुरूंवरून टोमणे मारतात, आणि त्या टोमण्यांतूनच दोघांनाही आपापला हरवलेला गुरू कुठे आहे ते कळतं. भांडणाचा इतका उपयोग मी दुसऱ्या कुठल्या गोष्टीत पाहिला नाही.

*

मी लिहिणाऱ्यांपैकी. गेली काही वर्षं एका कादंबरीत अडकले आहे. जादूची शाळा, दर सत्राला यादी, तळाचे बाहेर. नायिका सोळा वर्षांची. थोडं तपशिलात लिहिते, इथे आणखी कोणी लिहीत असेल तर उपयोगी पडेल.

पहिल्या खर्ड्यात जादू म्हणजे मनाची एकाग्रता होती. वाचायला दिला त्या मैत्रिणीने वहीच्या समासात एवढंच लिहिलं: ''मग ती कधी हरणार?'' प्रश्न रास्त होता. एकाग्रतेला मोजमाप नाही. मला वाटेल तेव्हा नायिकेचं मन एकाग्र होणार, मला वाटेल तेव्हा ढळणार. अशा परीक्षेत वाचकाचा जीव वरखाली होण्याचं कारणच नाही. ब्रँडन सँडरसन या कादंबरीकाराने २००७ मध्ये याबद्दल एक नियमच मांडला: जादूने पेच सोडवायचा तर वाचकाला ती जादू आधी तितकी समजलेली हवी. लढाईपेक्षा परीक्षेला हे जास्त लागू पडतं. प्रश्नपत्रिका वाचकालाही सोडवता आली पाहिजे, निदान आपण कुठे चुकलो असतो हे तरी कळलं पाहिजे.

म्हणून जादूला हिशेब लावला. माझ्या शाळेत उष्णता नव्याने तयार होत नाही, फक्त एकीकडून दुसरीकडे जाते. दोनशे ग्रॅम पाणी एक अंशाने थंड केलं की दोनशे कॅलरी उष्णता सुटते, हे शाळेतलं विज्ञान. तेवढ्यावर पहिली परीक्षा उभी राहिली: समोर पाण्याचा पेला, शेजारी न पेटलेली वात. पेल्यातली ऊब काढून वात पेटवायची. पाणी कमी पडलं की ऊब कुठून येणार? हातातून. हे लिहिलं आणि प्रकरण एकदम जिवंत झालं. आता हुशार मुलगी म्हणजे कोण, हे ठरवता येत होतं: जी आधी पेला हाताने चाचपून बघते ती.

गारठलेली बोटं नक्की काय करू शकत नाहीत ते मला माहीत नव्हतं. बर्फाच्या पाण्यात हात धरला, दुखायला लागेपर्यंत, आणि मग सुईत दोरा ओवायला बसले. सुई धरलेली दिसते, पण धरल्याचं कळत नाही. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना भेटतात पण मध्ये काही आहे की नाही ते डोळ्यांनीच बघावं लागतं. दोरा ओठात धरून ओवला. हे सगळं तसंच्या तसं नायिकेला दिलं. ती परीक्षेत स्वतःचं नाव लिहिताना लेखणी दोन्ही हातांनी धरते.

प्रतिस्पर्ध्याचं काम त्याहून चिवट होतं. श्रीमंत, उद्धट, सोनेरी बटणं असा एक मुलगा होता. काढून टाकला. आता जी मुलगी आहे ती नायिकेपेक्षा खरोखर चांगली आहे, सराव जास्त करते आणि तिला ही शाळा जास्त हवी आहे. घरचे आपल्याला पुन्हा घरात घेतील की नाही याची तिला खात्री नाही. आता ती यादीत वर गेली की मलाच बरं वाटतं, आणि नायिकेवर रागही येतो. वाचकालाही असं झालं तर मी जिंकले.

दोन बारीकसारीक गोष्टी. वर्गात चाळीस मुलं असली तरी वाचक सहाच लक्षात ठेवतो, बाकीच्यांना नावं देऊ नका, सवयी द्या. आणि शिक्षकांचं आपसात पटत नसलं पाहिजे. सगळे शिक्षक एकाच मताचे असतील तर शाळा जिवंत वाटत नाही.

*

थोडा विरोधी सूर लावतो. मला ही चुरसच आवडत नाही, आणि या प्रकारातलं मला सगळ्यात थोर वाटणारं पुस्तक तिच्याच विरुद्ध आहे. ओट्फ्रीड प्रॉयस्लर यांची जर्मन कादंबरी 'क्राबात', १९७१. पोरका मुलगा एका गिरणीत कामाला लागतो. गिरणी म्हणजे गुपचूप चालणारी जादूशाळा. बारा शिकाऊ. दर शुक्रवारी संध्याकाळी मालक त्यांना कावळे करून दांडीवर बसवतो आणि मंत्राच्या पुस्तकातला एक उतारा तीन वेळा वाचून दाखवतो. ज्याच्या डोक्यात राहिला त्याच्या राहिला, उजळणी नाही. आणि दर वर्षअखेरीस बारांतला एक मरतो. जागा भरली जाते. काम चालू.

इथे यादी लागत नाही, पण प्रत्येक जण मनात ती लावतोच. जो फार शिकेल तो मालकाच्या डोळ्यांत येईल, जो काहीच शिकणार नाही त्याची सुटका कधीच नाही. शेजारच्याशी मोकळं बोलावं तर तो कोणाच्या बाजूचा कोण जाणे. मालकाला आणखी काय पाहिजे?

मी जिथे नोकरी करायचो तिथे दर वर्षी सगळ्यांची क्रमवारी लावायचे आणि तळाच्या काही जणांना नारळ द्यायचे. ही पद्धत यायच्या आधी आमच्या विभागात एक सामाईक वही होती. कुठलं यंत्र कुठे अडतं, कशाने सुटतं, कोणाला फोन करायचा, सगळे त्यात लिहायचे. क्रमवारी सुरू झाल्यावर वहीत नवं काही येईना. कोणी मनाई केली नव्हती. ज्याला जे माहीत तो ते आपल्यापाशी ठेवायला लागला, इतकंच. पुढे तीच वही दाराला टेकण म्हणून वापरलेली मी पाहिली आहे.

म्हणून वर ज्या ताई कादंबरी लिहितायत त्यांना विचारतो: तुमच्या शाळेत यादी कोण लावतं? आणि त्याला त्यातून काय मिळतं? हे पुस्तकात येणार असेल तर मी वाचेन.

*

येणार आहे. पण आत्तापर्यंत तो 'मुख्याध्यापक' एवढाच होता, दारामागे. तुमच्या वहीमुळे त्याला बाहेर काढावं लागेलसं दिसतंय. सामाईक वही माझ्या मुलींकडे हवी आणि ती सत्राच्या मध्यावर बंद पडायला हवी. चोरते आहे, आगाऊ आभार.

*

पॅट्रिक रॉथफसच्या 'द नेम ऑफ द विंड'मधल्या (२००७) विद्यापीठाचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचं नवल वाटलं. तिथे दर सत्राला सगळे मास्तर ओळीने बसून विद्यार्थ्याला प्रश्न विचारतात आणि उत्तरं ऐकून त्याची फी ठरवतात. नायक पहिल्याच मुलाखतीत असा काही बोलतो की फी घ्यायची सोडून त्यालाच पैसे द्यायचं ठरतं. पुढच्या सत्रांत मात्र तोच मुलगा पैशांसाठी वणवण करतो, सावकारणीकडे जातो. कर्ज काढून शिकलेल्या माणसाला राक्षस-बिक्षस लागत नाहीत, हे पुरतं. सत्र संपत आलं की नायकाबरोबर माझ्याही पोटात गोळा यायचा. वर्गातल्या बाकीच्यांना त्या दिवसांत सुट्टीचे वेध लागलेले असत, हे तर आणखी खरं.

*

मांगावाला परत आलोय. काका, ते नवनाथ कुठून सुरू करू? चाळीसच्या चाळीस अध्याय एकदम नको. आंब्यांची मारामारी आधी वाचली तर चालेल का?

*

चालेल की, पण चव जाईल. गोरक्ष कोण आणि त्याचा गुरू कुठे अडकलाय हे माहीत नसेल तर ते टोमणे कळायचे नाहीत. सुरुवातीपासून मच्छिंद्रनाथांचे अध्याय घे, भरभर होतात. मारुतीशी गाठ पडते तिथपर्यंत तर पहिल्या बैठकीतच जाशील. मारुती डोक्यावर पर्वत उचलून फेकायच्या बेतात असतो आणि मच्छिंद्रनाथ वाऱ्यालाच बांधतो, त्यामुळे तो पर्वत घेऊन तसाच खिळून उभा राहतो. शेवटी वायूला मध्यस्थीला यावं लागतं, बापच तो. ओव्या मोठ्याने वाच, मनातल्या मनात वाचलंस तर अडखळशील. आणि हो, काका नको, आजोबा म्हण.